वाचकांचे प्रश्न : प्रयोगशाळेतला प्रोग्राम आणि गिऱ्हाइकाची चिप

मागच्या अंकात मी चिपचा आराखडा तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी लिहिले होते. बडोद्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असताना मी दोन विद्यार्थ्यांसह अशा सॉफ्टवेअरची एक लहान कंपनी काढली आणि ती नऊ वर्षे चालवली, असा ओझरता उल्लेख त्या लेखात आला होता. आलेल्या बहुतेक पत्रांनी त्या उल्लेखालाच धरले आहे. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी बडोद्यात इलेक्ट्रॉनिक्सची सहयोगी प्राध्यापिका आहे. चिपवरील लाखो घटकांच्या जागा ठरवणारा एक अल्गोरिदम माझ्या गटाने विकसित केला आहे. सर्वमान्य चाचणी-परिपथांवर त्यामुळे तारांची एकूण लांबी इतर पद्धतींपेक्षा सरासरी सहा टक्क्यांनी कमी होते. दोन विद्यार्थी सोबत यायला तयार आहेत. कंपनी काढावी का?

उत्तर : सहा टक्के हा आकडा लहान नाही, आणि तो मिळवायला आपल्या गटाची किती वर्षे गेली असतील याची मला कल्पना आहे. म्हणूनच थोडे विस्ताराने लिहितो.

आमच्याकडेही असाच एक आकडा होता. तो अनेकदा पडताळलेला होता, त्यावर परिषदांमध्ये निबंध वाचलेले होते, आणि त्या भरवशावर आम्ही बंगळुरूच्या एका चिप-डिझाइन कंपनीत प्रात्यक्षिक द्यायला गेलो. त्यांची फाइल वाचतानाच आमचा प्रोग्राम बंद पडला. प्रयोगशाळेतल्या परिपथांत सर्व घटक एकाच उंचीचे असत. त्यांच्या चिपमध्ये दुप्पट उंचीचे घटक होते, मेमरीचे मोठे ठोकळे मध्येच बसवलेले होते आणि निरनिराळ्या भागांना निरनिराळे व्होल्टेज होते. फाइल नीट वाचली जाईपर्यंत तीन दिवस गेले. निकाल चांगला आला, तारा खरोखरच कमी झाल्या. परंतु तेथल्या ज्येष्ठ अभियंत्याने त्या आकड्याकडे ओझरते पाहून तीन प्रश्न विचारले, जे इतक्या वर्षांत निबंधांच्या एकाही परीक्षकाने आम्हाला विचारले नव्हते.

हेच काम उद्या पुन्हा चालवले तर हेच उत्तर येईल का, हा पहिला. येणार नव्हते. आमचा प्रोग्राम एकाच वेळी अनेक प्रोसेसरांवर चाले, बेरजा कोणत्या क्रमाने होतील हे दर वेळी बदले, त्यामुळे दशांश चिन्हानंतरच्या अगदी शेवटच्या स्थानात फरक पडे, आणि तो पायरीगणिक वाढत जाऊन शेवटी निराळीच मांडणी समोर येई. दुसरा प्रश्न असा, की शेवटच्या आठवड्यात वीस गेट (चिपमधील लहान लॉजिक-घटक) बदलावे लागले तर बाकीच्या दहा लाख घटकांपैकी किती हलतील? जवळजवळ सगळेच हलत होते. तिसरा, प्रोग्रामला काम जमले नाही तर तो काय सांगतो? तो जे सांगे ते फक्त तो भाग लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला कळत असे.

आराखडा कारखान्याकडे पाठवण्याला या व्यवसायात टेप-आउट म्हणतात, कारण एके काळी तो चुंबकीय फितीवर लिहून पाठवला जाई. त्याआधीचे कित्येक आठवडे चिपमधील प्रत्येक मार्गाला लागणारा वेळ मोजून, जुळवून बसवण्यात गेलेले असतात. अखेरच्या दिवसांत एखादा दोष सापडला, तर तेवढीच जागा दुरुस्त व्हावी आणि बाकीचे सारे जसेच्या तसे राहावे, एवढीच त्या अभियंत्याची अपेक्षा असते. आमचे साधन सहा-सात टक्के तार वाचवून त्याचे कित्येक आठवड्यांचे काम पुसून टाकत होते. त्यातून चूक राहिली आणि मास्क (कारखान्यात चिपवर आराखडा उमटवणारे साचे) नव्याने करावे लागले, तर अद्ययावत तंत्रात त्याचा खर्च कोटींत जातो, आणि बाजारात उतरायचा हंगाम हातचा निसटतो तो वेगळाच.

चुकीची किंमत काय असते याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण इंटेलच्या पेंटियम या प्रोसेसरचे आहे. त्यातील भागाकाराच्या कोष्टकात १,०६६ नोंदी हव्या होत्या आणि पाच राहून गेल्या होत्या. त्यामुळे काही भागाकार चुकतात हे थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाच्या १९९४ साली लक्षात आले, आणि कंपनीला त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरावा लागला. आपल्यासारख्या संशोधकाने या घटनेची दुसरी बाजू पाहावी असे मला वाटते. दोन लॉजिक-परिपथ एकच काम करतात की नाही हे तपासण्याची एक अतिशय प्रभावी रीत रँडल ब्रायंट यांनी १९८६ सालीच प्रसिद्ध केली होती. चिपच्या वर्तनाची गणिती पडताळणी करण्याचे अन्य कामही त्याच दशकात पुष्कळ पुढे गेले होते. तरीही मोठ्या चिप-कंपन्यांत या पद्धतींना जोर चढला तो बऱ्याच अंशी त्या पाच नोंदींनंतर. संशोधन तेच होते. दुखणे नंतर जाणवले.

तेव्हा सहा टक्के कमी तार हे नेमके कोणाचे दुखणे आहे, हे आधी शोधावे. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे रॉब रुटेनबार यांनी १९९८ मध्ये निओलिनिअर ही कंपनी काढण्यात भाग घेतला, तेव्हा डिजिटल परिपथांची मांडणी केव्हाच यंत्राच्या हाती गेली होती, पण ॲनालॉग परिपथ मात्र अनुभवी माणसे हाताने रेखाटत होती आणि एकेका परिपथामागे आठवडे जात होते. तेथे गिऱ्हाइकाला दुखणे समजावून सांगावे लागले नाही. आपल्या क्षेत्रात उलट आहे. तेथे मोठ्या कंपन्यांची साधने गिऱ्हाइकाकडे आधीच बसलेली आहेत, त्यांच्या तीन-तीन वर्षांच्या परवान्यांचे करार झालेले आहेत, आणि एकापुढे एक चालणाऱ्या त्या साधनांच्या साखळीत आपले साधन एका कडीच्या जागी बसवायचे आहे. पुढच्या आणि मागच्या कडीशी त्याने काही खळखळ न करता फाइलींची देवघेव केली पाहिजे. या देवघेवीचा कोड आमच्या एकूण कोडच्या निम्म्याहून अधिक झाला. त्यावर निबंध होत नाही.

आणखी एक अडचण कोणत्याही पुस्तकात मला आढळली नाही. साधनात दोष निघाला तर गिऱ्हाईक त्याचा आराखडा आपल्याला देत नाही. ती त्याची मालमत्ता असते. आमचा विद्यार्थी त्यांच्या कार्यालयात, इंटरनेट नसलेल्या यंत्रापुढे बसून दोष पाही, कागदाचा कपटाही बाहेर आणायची मुभा नसे, आणि बडोद्याला परतल्यावर आठवणीवरून तोच दोष दाखवणारा एक खोटा परिपथ तयार करी. एका दोषामागे असे पाच आठवडे गेलेले मी पाहिले आहेत. असे काम निमूटपणे करणारा माणूस आपल्या गटात आहे का, याला मी अल्गोरिदमइतकेच महत्त्व देईन.

कंपनीचे प्रमुखपद आपण घेऊ नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. मी ते चार वर्षे सांभाळले आणि त्या काळात ना अध्यापन धड झाले ना विक्री. कॅडेन्स आणि सिनॉप्सिस या चिप-डिझाइनची साधने विकणाऱ्या दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या स्थापनेत बर्कलीचे प्राध्यापक आल्बेर्तो सान्जोव्हानी-विन्चेन्तेली यांचा वाटा होता, पण ते प्राध्यापकच राहिले. सिनॉप्सिस चालवणारे आर्ट द ख्यूस जनरल इलेक्ट्रिकमधून आलेले होते. इतके दूर जायचेही कारण नाही. बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे पहिले प्राचार्य, रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे १९०७ साली बडोद्यात अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना सुरू करणाऱ्यांपैकी एक होते. त्यांच्यासोबत कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन होते, आणि कारखाना वाढवला तो अमीन यांनी.

म्हणून आत्ताच नोंदणी करू नये. दोघांपैकी एका विद्यार्थ्याला सहा महिने एखाद्या डिझाइन कंपनीत, साध्या प्रशिक्षणार्थीच्या जागेवर का होईना, पाठवावे. तो परत येईल तेव्हा अभियंत्यांना रात्री कशासाठी थांबावे लागते हे त्याला ठाऊक असेल. त्या कारणांच्या यादीत आपला अल्गोरिदम कोठे बसतो हे पाहून मग ठरवावे.

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारात राहणारे नोकरदार कुटुंब आहोत. मुलगी पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षात आहे. तिचे मार्गदर्शक कंपनी काढत असून तिने संस्थापक म्हणून यावे असे ते म्हणतात. पहिली दोन वर्षे पगार नाममात्र असेल. सर सज्जन आहेत, त्यामुळे पैशांचे आणि हिश्शाचे विचारणे तिला उद्धटपणाचे वाटते. आम्ही काय सल्ला द्यावा?

उत्तर : तिने विचारावे, आणि लेखी विचारावे. सर सज्जन आहेत म्हणूनच आत्ता विचारणे सोपे आहे.

अशा कंपन्यांत कोड बहुतेक वेळा विद्यार्थ्याने लिहिलेला असतो. टोरांटो विद्यापीठात व्हॉन बेट्झ यांनी पीएच.डी. करताना व्हीपीआर हा चिपवरील घटकांच्या जागा आणि तारांचे मार्ग ठरवणारा प्रोग्राम लिहिला. १९९८ मध्ये त्यांनी आणि त्यांचे प्राध्यापक जोनाथन रोझ यांनी मिळून राइट ट्रॅक कॅड ही कंपनी काढली, आणि २००० साली आल्टेरा या चिप-कंपनीने ती विकत घेतली. तेथे विद्यार्थी हा मदतनीस नव्हता, भागीदार होता. मला मात्र हे वेळेवर कळले नाही. माझ्या दोन विद्यार्थ्यांचा हिस्सा मी “पुढे पाहू” म्हणून कागदावर आणला नाही, आणि दीड वर्षाने आणला तेव्हा दोघांपैकी अधिक काम करणाऱ्याला कमी मिळाले. तो काही बोलला नाही. सहा महिन्यांनी त्याने नोकरी धरली, आणि त्याच्याबरोबर मांडणीच्या मूळ भागाचे ज्ञानही गेले. आपल्याकडे शिष्य गुरूपुढे आकडा उच्चारत नाही. म्हणून तो आकडा गुरूनेच आधी उच्चारला पाहिजे होता. त्याची मला आजही बोच आहे.

तिने विचारायच्या गोष्टी अशा. प्रबंध कंपनीच्या कामासाठी लांबणीवर पडणार नाही ना? हिस्सा किती, आणि तो किती वर्षांत टप्प्याटप्प्याने तिच्या नावावर होईल? तिने महाविद्यालयात लिहिलेल्या कोडवर हक्क कोणाचा आहे, आणि ज्या सरकारी प्रकल्पातून तिला शिष्यवृत्ती मिळाली त्याच्या अटी काय आहेत? २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाने अध्यापकांना कंपनी काढण्याची मोकळीक दिली आहे, परंतु संस्थेतील संशोधन आणि कंपनीचे काम स्पष्टपणे वेगळे ठेवायला सांगितले आहे. दिलेल्या सोयींच्या बदल्यात संस्था २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते, हेही त्यात आहे. म्हणजे संस्थेबरोबरचा करार हा कंपनीच्या पहिल्या कागदांपैकी एक असायला हवा, आणि तो तिने स्वतः वाचायला हवा.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. महाविद्यालयाला सवलतीत मिळालेली चिप-डिझाइनची साधने आणि कारखान्यांनी शिक्षणासाठी दिलेली तांत्रिक माहिती यांचा परवाना सहसा अध्यापन आणि संशोधनापुरताच असतो. कंपनीचे काम त्यावर केले तर तो करारभंग होतो, आणि उद्या एखादी मोठी कंपनी गुंतवणुकीसाठी कागद तपासू लागली की पहिला आक्षेप तेथेच येतो. हे काम कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या परवान्यावर चालणार आहे, हेही तिने विचारावे.

पगाराबद्दल निर्णय आपल्या कुटुंबाचा आहे. दोन वर्षे म्हटले की तीन धरावीत. घरखर्चाची ओढाताण होणार असेल तर तिने आधी दोन वर्षे एखाद्या डिझाइन कंपनीत नोकरी करण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

प्रश्न : साणंदला आणि धोलेऱ्याला चिपचे कारखाने येत आहेत. बडोद्याच्या अशा सॉफ्टवेअर कंपन्यांना याचा थेट फायदा होईल ना?

उत्तर : थेट फायदा थोडा आहे. साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प चिप जोडून, वेष्टनात बसवून तपासण्याचा आहे. धोलेऱ्याचा टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांचा ९१,००० कोटी रुपयांचा प्रकल्प प्रत्यक्ष चिप घडवण्याचा आहे. आराखडा करणे हे त्याहून निराळे काम असून ते मुख्यतः बंगळुरू, हैदराबाद, नोएडा आणि काही प्रमाणात अहमदाबाद येथे चालते. साधनाचे गिऱ्हाईक तेथे बसते. साधन विकणाऱ्याला कारखान्याकडून त्याच्या तंत्राचे नियम आणि आपले साधन त्यात बरोबर चालते असा निर्वाळा हवा असतो. त्या कामी कारखाना जवळ असल्याने ओळख लवकर होईल, इतकेच.

सरकारने २०२१ साली आणलेल्या डिझाइन-संलग्न प्रोत्साहन योजनेत चिप डिझाइन करणाऱ्या कंपनीला पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, एका अर्जामागे कमाल १५ कोटी रुपये परत देण्याची तरतूद केली. त्यातून नव्या, लहान डिझाइन कंपन्या उभ्या राहतात, ज्यांना जुन्या साधनांची सवय नसते. मात्र सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या बंगळुरूतील चिपइन केंद्राद्वारे मोठ्या कंपन्यांची साधने त्यांना उपलब्ध होतात. हातात तयार साधन असताना त्यांनी आपले का घ्यावे, याचे उत्तर तयार ठेवावे लागते.

प्रश्न : सॉफ्टवेअरचे पेटंट घ्यावे, ते गुप्त ठेवावे, की कोड सर्वांना खुला करावा?

उत्तर : भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये संगणक-प्रोग्राम केवळ प्रोग्राम म्हणून पेटंटयोग्य नाही. त्याचा तांत्रिक परिणाम नीट मांडता आला तर मार्ग निघतो, पण त्यासाठी या विषयातला वकील हवा आणि अर्ज निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी हवा. आपण प्राध्यापक मंडळी निबंध आधी पाठवतो आणि वकिलाकडे नंतर जातो. कोडचे संरक्षण कॉपीराइटने आपोआप होतेच, फक्त तो कोणी लिहिला आणि कोणाच्या नावे केला याचे कागद हवेत.

खुल्या कोडबद्दल माझे मत वर्षांगणिक बदलत गेले. या व्यवसायाचा पाया ज्याला म्हणता येईल तो स्पाइस हा परिपथाचे वर्तन आधीच गणिताने सांगणारा प्रोग्राम, डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी बर्कलीत लिहिला आणि तो १९७३ मध्ये बाहेर आला. पेडरसन यांनी तो मागेल त्याला दिला. बर्कलीचे विद्यार्थी नोकरीला जाताना तो सोबत घेऊन गेले, कंपन्यांतून दोष कळत गेले, सुधारणा होत गेल्या. पुढे एचस्पाइस, पीस्पाइस अशी विकाऊ रूपे इतरांनी काढली. एवढ्या लोकांच्या हाताखालून गेल्यामुळेच त्याच्या उत्तरावर विश्वास बसला. आणि तो विश्वासच विकत घेतला जातो, असे मला नऊ वर्षांत दिसले. टोरांटोचा व्हीपीआर कंपनी विकली गेल्यावरही संशोधनासाठी खुला राहिला आणि आजही वापरात आहे. एमआयटीचे दिवंगत प्राध्यापक अरविंद, जे मूळचे आयआयटी कानपूरचे विद्यार्थी, यांच्या संशोधनातून २००३ मध्ये ब्लूस्पेक ही कंपनी निघाली. चिपचे वर्णन करण्यासाठी तिची स्वतःची भाषा होती. त्या भाषेचे रूपांतर करणारा प्रोग्राम, म्हणजे कंपायलर, १७ वर्षांनी, २०२० साली खुला झाला. तो आधीच खुला असता तर अधिक अभियंते ती भाषा शिकले असते, असे मला वाटते, कारण चिपचे वर्णन करायची नवी भाषा शिकण्याचा खर्च कोणीही बंद दाराकडे पाहून करत नाही.

म्हणून फाइल वाचण्या-लिहिण्याचा भाग आणि जुना, प्रसिद्ध झालेला अल्गोरिदम खुला ठेवावा. गिऱ्हाइकांच्या अडचणींतून जे शिकलो ते राखून ठेवावे. आपण मात्र दुसऱ्याचा खुला कोड घेत असाल तर त्याचा परवाना काळजीपूर्वक वाचावा. काही परवान्यांत असा कोड मिसळलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना आपला कोडही खुला करावा लागतो. आमच्या एका विद्यार्थ्याने अजाणतेपणी असा चारशे ओळींचा कोड घेतला होता. तो काढून नव्याने लिहायला दोन महिने लागले.

प्रश्न : मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत चाळीस वर्षे यंत्रे बनवली. आपण सांगता त्या सगळ्या कंपन्या शेवटी मोठ्या परदेशी कंपन्यांनी गिळल्या. मग इतका खटाटोप करून मागे काय राहते? आपल्या कंपनीचे काय झाले तेही लिहावे.

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे. निओलिनिअर २००४ साली कॅडेन्समध्ये गेली. लॉस एंजेलिसचे प्राध्यापक जेसन काँग यांच्या गटाच्या संशोधनातून निघालेली ऑटोईएसएल ही कंपनी २०११ मध्ये झायलिंक्स या चिप-कंपनीने घेतली. मेंटर ग्राफिक्ससारखी मोठी साधन-कंपनीही २०१७ पासून सीमेन्सची आहे. एका कडीचे साधन विकणाऱ्याला आयुष्यभर एकट्याने टिकणे या व्यवसायात कठीण आहे, कारण गिऱ्हाइकाला सबंध साखळी एकाच ठिकाणाहून हवी असते आणि मोठी कंपनी ती एकगठ्ठा, सवलतीत देते. यंत्राच्या धंद्यात आपण सुटा भाग बनवून पन्नास कारखान्यांना विकू शकता; येथे गिऱ्हाइके मोजकी असतात. पण विक्री म्हणजे शेवट असे नाही. काँग यांच्या गटाचे काम झायलिंक्सच्या साधनांचा भाग होऊन जगभरच्या अभियंत्यांच्या हाती गेले, आणि टोरांटोतील त्या लहान कंपनीभोवती आल्टेराचे एक सबंध विकास-केंद्र वाढले.

आमची कंपनी नवव्या वर्षी एका मोठ्या साधन-कंपनीने घेतली. नाव गेले. चौदा जणांपैकी अकरा जण अहमदाबादच्या कार्यालयात रुजू झाले, तिघे बडोद्यातच राहिले आणि त्यांतील एक आज शिकवतो. रक्कम मोठी नव्हती. विद्यार्थ्यांचे गृहकर्ज फिटले आणि महाविद्यालयाला त्याचा वाटा मिळाला. ज्या मांडणीच्या अल्गोरिदमवर आम्ही कंपनी उभी केली, तो त्यांनी पहिल्याच वर्षी काढून टाकला, कारण त्यांच्याकडे त्याहून चांगला होता. बंगळुरूच्या त्या अभियंत्याच्या दुसऱ्या प्रश्नावर आम्ही पुढे तीन वर्षे जे काम केले, म्हणजे वीस गेट बदलताना बाकीचे घटक जागच्या जागी ठेवण्याचा जो भाग लिहिला, तो मात्र त्यांच्या साधनात अजून चालतो. त्यावर आम्ही एकही निबंध लिहिला नव्हता.